पेलेट स्टोव्हचा पहिला हिवाळा: पेटवण्यापासून राख काढण्यापर्यंत

लाकडी भुशाच्या दाबलेल्या कांड्या जाळून घर तापवणारा पेलेट स्टोव्ह बसवून तिसरा आठवडा होता. रात्री मंद आचेवर ठेवून झोपले आणि सकाळी उठून पाहते तर काच काळीकुट्ट. आत ज्योत होती, पण लांबट, सुस्त, टोकाशी धूर सोडणारी. खोलीत ऊब नावापुरती. काहीतरी मोठं बिघडलं या धास्तीने मी दुरुस्ती करणाऱ्याला फोन लावला. त्याने एकच विचारलं, "काचेवरचा थर काळा आहे की राखाडी?" काळा म्हटल्यावर तो म्हणाला, "मग त्याला हवा मिळत नाहीये. बंद करा, पूर्ण गार होऊ द्या आणि पेलेट ज्यात जळतात त्या वाटीची भोकं बघा." पाहिलं तर निम्म्याहून जास्त भोकं राखेने बुजलेली. ती मोकळी करून पुन्हा पेटवला आणि ज्योत पिवळीधमक झाली.

पेलेट स्टोव्हमध्ये जळण आपण घालतो ते डोळ्यांना दिसतं. हवा मात्र पंखा ओढतो, त्यामुळे ती आहे की नाही याकडे लक्षच जात नाही. चुलीपुढे बसणाऱ्याच्या हातात फुंकणी असते. जाळ बसला की तो आपोआप फुंकर घालतो. इथे फुंकणी स्टोव्हच्या पोटात आहे आणि तिची वाट राखेने अडते. पूर्ण एक हिवाळा रोज स्टोव्ह चालवल्यावर माझी खात्री झाली आहे की नव्या मालकाच्या बहुतेक तक्रारी, न पेटणं, मध्येच विझणं, काजळी, कमी ऊब, या हवेच्या वाटेशी जाऊन थांबतात. म्हणून पुढचं सगळं वाचताना हवा कुठून येते आणि कुठून जाते, हे डोळ्यांपुढे ठेवा.

आत काय चालतं

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा प्रचंड दाबाने दाबून केलेल्या बारीक कांड्या. जाडी साधारण ६ मिलिमीटर, लांबी ३ ते ४० मिलिमीटर. त्यांना सहसा गोंद लागत नाही. दाबाने तापल्यावर लाकडातलंच लिग्निन मऊ होतं आणि गार होताना भुसा घट्ट धरून ठेवतं. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर लाकडाच्या जळणाकडे लोक पुन्हा वळले, आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत घरगुती पेलेट स्टोव्ह आला. जेरी व्हिटफिल्ड या विमानउद्योगातल्या अभियंत्याचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. सारख्या आकाराचं कोरडं जळण थोडंथोडं टाकत राहायचं आणि हवा पंख्याने मोजून द्यायची, एवढीच यामागची कल्पना.

वरच्या बाजूला पेलेटची टाकी असते, तिला हॉपर म्हणतात. हॉपरच्या तळाशी ऑगर, म्हणजे फिरता स्क्रू. तो काही सेकंद फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो, आणि दर फेरीला मूठभरसुद्धा नाहीत एवढे पेलेट खाली टाकतो. ते पडतात बर्न पॉटमध्ये. बर्न पॉट म्हणजे भोकं पाडलेली जाड लोखंडी वाटी. पुढे मी तिला नुसतं वाटीच म्हणते. वाटीला लागून इग्नायटर असतो, विजेवर लाल होणारी छोटी कांडी.

पंखे दोन असतात आणि त्यांची गल्लत सगळेच करतात. एक धुराचा पंखा: तो आतला धूर पाइपातून बाहेर ढकलतो, आणि तसं करताना वाटीच्या भोकांतून ताजी हवा आत ओढली जाते. दुसरा खोलीचा पंखा: तो खोलीतली हवा तापलेल्या नळ्यांवरून फिरवून परत खोलीत सोडतो. या दोन हवा एकमेकींत कधीच मिसळत नाहीत. मिसळत असतील तर स्टोव्हला गळती आहे आणि तो ताबडतोब बंद करायला हवा.

याशिवाय एक छोटा स्विच असतो जो आतला दाब मोजतो. दार नीट लागलं नाही, पाइप तुंबला, राख साठली, काहीही झालं आणि आत पुरेसं खेचणं उरलं नाही, की तो ऑगर थांबवतो. "ऑगरची मोटर जळली" अशी समजूत करून घेण्याआधी दार दाबून पाहा. माझ्याकडे दोनदा कारण तेवढंच निघालं.

बसवताना हटून विचारायच्या गोष्टी

बसवण्याचं काम जाणकारालाच द्या. पण तो आला असताना पुस्तिका हातात घेऊन शेजारी उभं राहा. भिंतीपासून, पडद्यांपासून, फर्निचरपासून किती अंतर हवं ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं आणि ते पुस्तिकेत छापलेलं असतं. खाली न जळणारी फरशी किंवा पत्रा हवा, तोही दारासमोर थोडा पुढे आलेला, कारण राख काढताना निखारा तिथेच पडतो.

पाइपाचा हिशोब मात्र स्वतः करून बघा. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत तो असा मांडलेला असतो: काटकोनाचं प्रत्येक वळण किंवा टी (T आकाराचा जोड) म्हणजे ५ फूट, ४५ अंशांचं वळण म्हणजे ३ फूट, आडवा पाइप एका फुटाला १ फूट आणि उभा पाइप एका फुटाला अर्धा फूट. बेरीज १५ फुटांच्या वर गेली तर ३ इंची पाइपाऐवजी ४ इंची घ्यायचा. माझ्याकडे एक टी, एक काटकोन, २ फूट आडवा आणि ८ फूट उभा पाइप आहे. म्हणजे ५ अधिक ५ अधिक २ अधिक ४, एकूण १६. बसवणारा ३ इंची पाइप घेऊन आला होता. हा हिशोब दाखवल्यावर त्याने बदलून आणला. तुम्ही समुद्रसपाटीपासून बरंच उंचावर राहत असाल तर हवा विरळ असते, तिथेही जाड पाइप लागतो.

उभ्या पाइपाचा आणखी एक उपयोग आहे. वीज गेली की धुराचा पंखा थांबतो. उभा पाइप असेल तर गरम धूर आपल्याआपण वर चढतो. भिंतीतून सरळ आडवा बाहेर काढलेला असेल तर तो आतच घुटमळतो. जागा असेल तर काही फूट तरी उभा पाइप घ्या, असंच मी सांगेन.

आणखी तीन गोष्टी. धुराच्या पाइपात पंख्याचा दाब असतो, म्हणून प्रत्येक जोड उष्णता सोसणाऱ्या सिलिकोनने किंवा पाइपाच्या स्वतःच्या सीलने बंद झाला पाहिजे. ज्वलनासाठीची हवा शक्यतो बाहेरून वेगळ्या नळीने घ्या. घट्ट बंद होणाऱ्या नव्या घरांत स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट चालू केला की स्टोव्हची हवा पळते, हे मी स्वतः पाहिलंय. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. या वायूला रंग नाही, वास नाही. एक अलार्म स्टोव्हच्या खोलीत आणि एक झोपायच्या खोलीजवळ लावल्याशिवाय पहिली काडी ओढू नका.

पेलेट पारखून घ्या

पोत्यावरचे दोन आकडे वाचा: ओलावा आणि राख. युरोपातल्या ईएनप्लस या प्रमाणपत्रात ए१ दर्जाच्या पेलेटमध्ये ओलावा जास्तीत जास्त १० टक्के आणि राख ०.७ टक्के चालते. ए२ मध्ये राखेची मर्यादा १.२ टक्के, बी मध्ये २ टक्के. फरक कागदावर किरकोळ वाटतो. १५ किलोच्या पोत्यात अर्धा टक्का राख म्हणजे ७५ ग्रॅम. २ टक्के म्हणजे ३०० ग्रॅम. चौपट राख त्याच वाटीत, त्याच भोकांवर. स्वस्त पेलेट घेऊन वाचवलेलं सगळं सफाईत जातं, हे मी पाच पोत्यांत शिकले.

उष्णतेच्या बाबतीत चांगल्या कोरड्या पेलेटमध्ये फार तफावत नसते. एक किलोतून साधारण ४.६ ते ५ किलोवॅट-तास मिळतात, म्हणजे दोन किलो पेलेट म्हणजे जवळजवळ एक लिटर हीटिंग ऑइल. माझा स्टोव्ह मंद आचेवर तासाला सुमारे ७०० ग्रॅम घेतो, त्यामुळे १५ किलोचं पोतं २० तासांच्या आसपास जातं. पूर्ण आचेवर तेच पोतं आठ तासांत संपतं.

हातात घेऊन पाहायचं तर पेलेटवर किंचित चकाकी हवी आणि मोडताना कट्कन आवाज यायला हवा. ग्लासभर पाण्यात टाका: चांगला पेलेट तळाशी जातो, कारण दाबलेलं लाकूड पाण्याहून जड असतं. तरंगला तर तो नीट दाबलेला नाही. मग पोत्याच्या तळाशी किती चुरा आहे ते बघा. चुरा जास्त असेल तर तो ऑगरच्या तोंडाशी बसतो, वर पेलेटची कमान तयार होते आणि हॉपर अर्धा भरलेला असताना स्टोव्ह उपाशी विझतो. अशा वेळी हात घालून ढवळायचा मोह होतो. ऑगर फिरत असताना हॉपरमध्ये हात कधीही घालू नका. बंद करा, लाकडी काठीने ढवळा. जाळी लावलेल्या टोपलीतून पेलेट चाळून घातले तर ही वेळच येत नाही.

पूर्ण हंगामाचा साठा घेण्याआधी तीन-चार प्रकारची प्रत्येकी एक-दोन पोती आणून बघा. एका स्टोव्हला मानवणारा पेलेट दुसऱ्याला मानवेलच असं नाही.

साठवण कोरडीच हवी. पाणी लागलं की पेलेट फुगून पुन्हा भुसा होतात, आणि असे ओले पेलेट ऑगरमध्ये गेले तर वाळल्यावर सिमेंटसारखे घट्ट बसतात. पोती जमिनीला टेकवू नका, खाली लाकडी फळ्या टाका. फाटलेलं पोतं आधी संपवा. आणि एक गंभीर सूचना: बंदिस्त कोठारात टनावारी पेलेट साठवले तर त्यांतून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. अशा कोठारात हवा खेळती केल्याशिवाय आत जाऊ नका. घरातल्या दहा-वीस पोत्यांची तशी चिंता नाही, पण खोली हवेशीर असावी.

पहिल्यांदा पेटवताना

आधी आत हात घालून बघा. पुस्तिका, हातमोजे, सुट्या भागांची पिशवी अशा वस्तू कारखान्यातून वाटीजवळच ठेवून पाठवतात. मग वाटी तिच्या जागेवर सपाट बसली आहे ना ते तपासा. वाटी एका बाजूला जराशी उचललेली असली तरी हवा भोकांतून न जाता फटीतून जाते, आणि इग्नायटर पेलेटला शेकत नाही.

हॉपर भरा, झाकण पूर्ण लावा, दार लावा, बटण दाबा. नवा ऑगर रिकामा असतो. पेलेट खाली पोचायला वेळ लागतो आणि पहिला प्रयत्न बहुधा वाया जातो. पुस्तिकेत चालत असेल तर वाटीत एक मूठ पेलेट हातानेच ठेवावेत. त्यानंतर नेहमीच्या पेटवणीला साधारण ५ ते १० मिनिटं लागतात: आधी पांढरा धूर, मग एकदम ज्योत.

पहिल्या एकदोन वेळा रंग भाजल्याचा उग्र वास येतो. खिडक्या उघडा, लहान मुलांना आणि पाळीव पक्ष्यांना दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि तापलेल्या रंगाला बोट लावू नका, ठसा कायमचा राहतो.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. पेटलं नाही तर लगेच पुन्हा बटण दाबू नका. पहिल्या प्रयत्नातले न जळलेले पेलेट वाटीत पडलेले असतात, दुसऱ्या प्रयत्नात त्यांवर आणखी पडतात. ढीग धुमसायला लागतो, आतली पोकळी दाट धुराने भरते, आणि तो धूर म्हणजे जळाऊ वायूच असतो. एखादी ठिणगी पडली की तो एकाच वेळी भडकतो. दाराला हिसका बसतो, काच फुटू शकते. माझ्या दुसऱ्याच दिवशी आत असा धूर दाटला होता आणि माझा हात दाराच्या मुठीकडे गेलाही होता. तसं होताना दिसलं तर दार उघडू नका आणि प्लगही काढू नका, कारण धुराचा पंखा चालूच राहायला हवा. बटणाने बंद करा, काचेपासून दूर व्हा, थांबा. पूर्ण गार झाल्यावर वाटी रिकामी करा. ते अर्धवट शेकलेले पेलेट हॉपरमध्ये परत टाकायचे नाहीत; आत एखादा निखारा असला तर पूर्ण हॉपरच पेटेल. आणि पेटवायला रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट यांतलं काहीही वापरू नका.

बंद करतानाही बटणच. ऑगर थांबतो, उरलेले पेलेट जळून संपतात, पंखे आतला भाग गार करतात आणि मग सगळं शांत होतं. प्लग ओढून बंद करणं म्हणजे धूर आत कोंडणं.

ज्योत वाचा

हे शिकायला मला महिना लागला आणि या लेखातलं सगळ्यांत मोलाचं हेच आहे. दिवसातून दोनदा, अर्धा मिनिट, काचेसमोर बसून नुसतं बघा.

चांगली ज्योत आखूड असते, चपळ असते, पिवळी ते फिकट नारिंगी. वाटीतले पेलेट हवेच्या झोताने थोडे नाचतात. टोकं स्वच्छ असतात. काचेवर दिवसभरात राखाडी किंवा तपकिरी पातळ धूळ बसते, बोटाने पुसली जाते. ही ज्योत दिसली की काहीही बदलू नका.

हवा कमी पडली की ज्योत लांब होते, गडद नारिंगी होते, आळसावल्यासारखी डुलते आणि टोकाला काळा धूर दिसतो. काचेवर काजळी, तीही वरच्या बाजूने. वाटीत पेलेट साठत जातात. हवा जास्त झाली तर उलट: ज्योत अगदी बुटकी, पांढुरकी, फुंकणीने मारल्यासारखी फडफडणारी, ठिणग्या आणि न जळलेले पेलेट वाटीबाहेर उडून राखेत पडलेले दिसतात. राखेत तपकिरी-काळे अर्धे पेलेट सापडत असतील तर तुमचं जळण फुकट जातंय.

दुरुस्ती करताना आधी सफाई, मग बटणं. घाण स्टोव्हची हवेची झडप उघडत बसलात तर सफाईनंतर सगळं पुन्हा उलटं करावं लागेल. सफाई करूनही ज्योत सुस्त असेल तर हवेची झडप थोडी उघडा किंवा जळणाचं प्रमाण एका पायरीने कमी करा. दोन्ही एकदम नाही. एक बदल, मग २० ते ३० मिनिटं थांबायचं, मग पुन्हा बघायचं. मी सुरुवातीला पाच मिनिटांत तीन बटणं फिरवायचे आणि नेमकं कशाने काय झालं ते कळायचंच नाही.

पेलेटचं नवं पोतं उघडल्यावर ज्योत बदलली तर घाबरू नका. आखूड पेलेट ऑगरमध्ये दाटीने बसतात, त्यामुळे त्याच सेटिंगवर जास्त जळण पडतं. लांब असले की कमी पडतं.

वाटीच्या तळाशी कधीकधी काचेसारखा कडक खडा सापडतो. त्याला क्लिंकर म्हणतात. जळणात साल किंवा माती असली की त्यातली वाळू राखेबरोबर वितळते आणि गोठते. तो भोकांवर झाकणासारखा बसतो. रोज खरडून काढा, आणि रोजच सापडत असेल तर पेलेट बदला.

दिवसरात्र अगदी मंद आचेवर चालवणं मला आधी काटकसरीचं वाटायचं. मंद जाळात काजळी जास्त धरते. आता रात्रभर मंद ठेवला तर सकाळी अर्धा तास तरी मोठ्या आचेवर चालवते. आतला बराच थर जळून जातो.

सफाईचं वेळापत्रक

रोज, पेटवण्याआधी, स्टोव्ह पूर्ण गार असताना:

१. वाटी उचला, खरडा, उजेडासमोर धरा. प्रत्येक भोकातून उजेड दिसला पाहिजे. बुजलेलं भोक जाड तारेने मोकळं करा.
२. वाटी जिथे बसते त्या खाचेतली राख आणि इग्नायटरच्या भोकातली राख काढा.
३. हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे खोलीची हवा तापवणाऱ्या, नळ्या खरवडणारी दांडी असेल तर ती पाच-सहा वेळा मागेपुढे ओढा.
४. काच ओल्या कागदाला थोडी राख लावून पुसा, मग कोरड्या कागदाने. या कामाला राखेसारखं दुसरं काही नाही.

एवढ्याला माझी पाच मिनिटं जातात.

आठवड्यातून एकदा राखेचं तबक रिकामं करा, भट्टीच्या भिंती ब्रशने झाडा, वाटीच्या मागचा आणि खालचा भाग साफ करा. दाराची फट बंद करणारी दोरीसारखी गास्केटही तेव्हाच तपासा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. अडकली तर ठीक. सहज सुटून आली तर त्या ठिकाणी गास्केट झिजली आहे आणि तिथून चोरटी हवा आत येते. चारही बाजूंनी करून पाहा. माझी बिजागरीच्या बाजूने सैल होती, जिथे मी कधी पाहिलंच नव्हतं.

खरी राख मात्र दिसत नाही तिथे साठते. भट्टीच्या मागच्या पत्र्याआड धुराच्या पंख्याकडे जाणाऱ्या वाटा असतात, त्यांना छोट्या झाकण्या असतात. पुस्तिकेतलं चित्र समोर ठेवून त्या शोधा आणि महिन्यातून एकदा उघडा. पहिल्यांदा मी उघडल्या तेव्हा दोन ओंजळी राख निघाली, आणि मी त्याआधी दीड महिना "रोज साफ करतेय" असं समजत होते. पाइपाच्या टीचं खालचं झाकण आणि धुराच्या पंख्याची पाती साधारण दर टनामागे साफ करावी लागतात. १५ किलोच्या पोत्यांत ते ६६-६७ पोत्यांनी येतं. पहिल्या वर्षी हे काम जाणकाराकडून करून घ्या आणि तो काय उघडतो ते नीट बघा. सफाईचा हिशोब राहावा म्हणून वही ठेवा: किती पोती, कुठला पेलेट, कधी काय साफ केलं. कुठल्याही बिघाडाच्या वेळी हीच वही आधी उघडावी लागते.

राखेबद्दल निष्काळजी होऊ नका. वरून मेलेली दिसणारी राख आत निखारे धरून ठेवते, तेही कित्येक दिवस. घट्ट झाकणाची लोखंडी बादली घ्या, ती बाहेर, दगडावर किंवा काँक्रीटवर, भिंतीपासून लांब ठेवा. प्लॅस्टिकची बादली नाही, कागदी पिशवी नाही, कचऱ्याचा डबा नाही. घरच्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरने राख ओढू नका: निखारा पिशवीत पेटतो, आणि बारीक राख फिल्टरमधून पार होऊन खोलीभर उडते. राखेसाठीचा धातूचा व्हॅक्यूम मिळतो, तोसुद्धा गार राखेसाठीच. स्वच्छ लाकडाची पूर्ण गार राख बागेत पातळ पसरता येते. ती अल्कधर्मी असते, त्यामुळे आम्ल माती आवडणाऱ्या झाडांपासून दूर.

वीज गेली तर

चालू स्टोव्हला साधारण १०० वॅट लागतात, पेटताना इग्नायटरमुळे ३०० ते ४०० वॅट. वीज गेली की दोन्ही पंखे थांबतात आणि वाटीतलं जळण थोडा वेळ धुमसत राहतं. दार उघडू नका. धुराचा वास आला तर खिडकी उघडा, अलार्म वाजला तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. वीज वारंवार जात असेल तर शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस घ्या. साध्या चौकोनी लहरीवर या मोटरी घरघरतात आणि तापतात. तो रात्रभर स्टोव्ह चालवण्यासाठी नसून दहा-पंधरा मिनिटं नीट बंद होण्यासाठी घ्यायचा. आत इलेक्ट्रॉनिक बोर्ड असल्याने विजेच्या अचानक वाढणाऱ्या दाबापासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टरही लावा.

न पेटणं आणि मध्येच विझणं

मी ज्या क्रमाने तपासते तोच सांगते. हॉपरमध्ये पेलेट आहेत का, आणि मध्ये कमान होऊन खड्डा पडलाय का. हॉपरचं झाकण आणि दार पूर्ण लागलंय का. वाटी सपाट बसली आहे का, भोकं मोकळी आहेत का. बाहेर पाइपाच्या तोंडाशी बर्फ, पालापाचोळा, घरटं आहे का. मग राखेच्या आतल्या वाटा.

एवढं करूनही ऑगर फिरत नसेल तर दाबाच्या स्विचला जाणारी बारीक रबरी नळी बघा. प्लग काढून, ती स्विचकडून सुटी करून स्टोव्हच्या दिशेने फुंका. स्विचमध्ये फुंकू नका, आतला पडदा फाटतो. पेलेट पडतात पण पेटत नाहीत, आणि पाच मिनिटांनीही इग्नायटरच्या भोकात लाली दिसत नाही, तर इग्नायटर गेला असण्याची शक्यता जास्त. हा भाग झिजणारच. दर पेटवणीला तो झिजतो, म्हणून थर्मोस्टॅट दिवसातून वीस वेळा स्टोव्ह बंद-चालू करणारा नको. मोठी आच आणि मंद आच यांमध्ये बदलणारा पर्याय असेल तर कडाक्याच्या थंडीत तोच ठेवा.

ज्योत उत्तम आहे, पण लांबच्या खोल्या गारच, ही तक्रार वेगळी. स्टोव्हची आच वाढवण्याआधी एक छोटा पंखा गार खोलीच्या दाराशी जमिनीवर ठेवा आणि त्याचा झोत स्टोव्हकडे करा. गार हवा जड असते, ती खालून सरकते आणि तिच्या जागी वरून गरम हवा गार खोलीत येते. उलट बाजूने ढकलण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं चालतं.

हंगाम संपताना

शेवटच्या जाळानंतर लगेच मोठी सफाई करा, पुढच्या थंडीपर्यंत लांबवू नका. राख हवेतला ओलावा ओढते आणि ओली राख पत्रा खाते. भट्टी, नळ्या, आतल्या वाटा, पाइप, धुराचा पंखा, सगळं मोकळं करा. हॉपर रिकामा करा आणि ऑगरमधले उरलेले पेलेटही जाळून संपवा, नाहीतर दमट महिन्यांत ते तिथेच फुगतील. प्लग काढा. गास्केट बदलायची असेल तर याच वेळी, कारण थंडी सुरू झाली की दुरुस्ती करणाऱ्यांना फुरसत नसते. मग बाहेर पाइपाच्या तोंडावर झाकण लावा, म्हणजे पक्षी आणि गांधीलमाश्या आत घर करणार नाहीत, आणि हॉपरच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवा: "आधी पाइपाचं झाकण काढा."